भाच्याच्या कोटेशनमधली ती एक ओळ

आज दुपारी भाच्याने साताऱ्याच्या शोरूममधून कोटेशनचा फोटो पाठवला. पोरगं खुशीत आहे, पहिलीच दुचाकी आणि तीही स्वतःच्या पगारातून. "मामा, एकदा नजर टाका." एक्स-शोरूम, पासिंग, इन्शुरन्स, हेल्मेट आणि सगळ्यात खाली एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे कंपनीची मूळ मुदत संपल्यावरची वाढीव हमी, 2,150 रुपये. विचारलं, ही तू मागितलीस का? म्हणाला, "नाही, ती कंपल्सरी असते म्हणे."

कोण म्हणे?

तिथेच डोकं फिरलं. सक्तीचा आहे तो नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. 1 सप्टेंबर 2018 पासून, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने. वॉरंटी वाढवून घ्यायची सक्ती कुणीच केलेली नाही. पण दोन्ही ओळी एकाखाली एक छापल्या, "पाच वर्षांचं पॅकेज आहे, हप्त्यात साठ-सत्तरच वाढतात" असं म्हटलं की गावाकडून आलेलं पोर काय बोलणार? बाहेर हार-नारळ घेऊन आईबाप उभे असतात.

माझ्याही गळ्यात ती अशीच पडली होती, 2020 च्या दसऱ्याला. मूळ वॉरंटी दोन वर्षांची, वर तीन वर्षांची वाढीव. खूप विश्वासाने घेतली होती. 2023 च्या डिसेंबरात साताऱ्याहून दहिवडीला येत होतो. मागे लेक बसलेली. पुसेगाव सोडलं आणि निढळच्या अलीकडे हेडलाइट पिवळा पडायला लागला, मग हॉर्न बसला, मग गाडीच बंद. रात्रीचे साडेनऊ, थंडी मरणाची, लेक माझ्या जर्किनमध्ये हात घालून उभी. एका टेम्पोवाल्याने गाडी मागे टाकून आम्हाला घरी सोडलं. एक रुपया घेतला नाही त्याने.

दुसऱ्या दिवशी गाडी पिकअपमध्ये घालून साताऱ्याला नेली. मॅग्नेट कॉईल, म्हणजे गाडीची वीज तयार करणारी गुंडाळी, जळालेली. वॉरंटीचा कागद पुढे केला, तर काउंटरवरच्या माणसाने सर्व्हिस बुक उघडलं आणि एका शिक्क्यावर बोट ठेवलं. 2022 च्या जुलैतली सर्व्हिस 41 दिवस उशिरा. क्लेम नामंजूर.

त्या जुलैत आईचा खुबा मोडला होता. दीड महिना मी दवाखान्यात झोपत होतो. आणि मला कुणी सांगेल का, की ऑइल बदलायला उशीर झाल्याचा दीड वर्षाने कॉईल जळण्याशी काय संबंध? नवी कॉईल 4,600 म्हणाले. शेवटी आमच्या दहिवडीच्या मिस्त्रीने तीच कॉईल 900 रुपयांत भरून दिली. आजही चालू आहे.

आता कुणीतरी म्हणेल, अटी वाचायच्या होत्या. बरोबर आहे, मी वाचल्या नव्हत्या. पण पैसे घेताना वाचून कोण दाखवतं? ठरलेले किलोमीटर किंवा ठरलेले दिवस, जे आधी भरेल तेव्हा सर्व्हिस, तीही त्यांच्याच सेंटरला. आमच्यापासून ते सेंटर दीड तासावर. एका सर्व्हिसला दिवसाचा रोजगार बुडतो. आणि क्लच प्लेट, ब्रेक शू, चेन स्प्रॉकेट, केबल, बॅटरी, म्हणजे आमच्या माण तालुक्याच्या धुळीत आधी जे जातं, ते या वॉरंटीत बसतच नाही.

मान्य, पुण्यातल्या माझ्या एका मित्राचं एबीएसचं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारं, युनिट अशाच वॉरंटीत फुकट बदलून मिळालं. त्याची मोठी रक्कम वाचली. धुराचे बीएस-6 नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल 2020 नंतर, इंजेक्टर, सेन्सर, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) असली कामं आमच्या मिस्त्रीच्या हाताबाहेरची आहेत, हेही खरं. पण त्या मित्राच्या घरापासून सर्व्हिस सेंटर पायी जाण्याच्या अंतरावर आहे. त्याने घ्यावी. माण-खटावच्या माणसाला तीच वस्तू त्याच भावात विकणं मला पटत नाही.

एक सांगायचं राहिलं. काउंटरवरच्या त्या माणसावर मी त्या दिवशी फार ओरडलो. विशीतलं पोरगं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "काका, माझ्या हातात असतं तर केलं असतं." मग लेकीसाठी पाण्याची बाटली आणून दिली. आज लिहिताना त्याचा चेहरा आठवतोय. राग त्याच्यावर काढायला नको होता.

जिथे काढायचा, तिथे काढला नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, 1915. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. आईच्या मागे धावताना माझी ती मुदत निघून गेली.

भाच्याला आत्ताच फोन करून सांगितलंय. ती ओळ खोडून नवं कोटेशन माग, आणि नाही म्हणाले तर "कंपल्सरी आहे" हे लेटरहेडवर लिहून, सही-शिक्क्यानिशी दे म्हणावं. उद्या अकराला मीही साताऱ्याला जातोय, सर्व्हिस बुक बरोबर घेऊन.