बेकार व्हायचं तर रीतसर व्हा

शिवारातला शेवटचा फड तुटला, गव्हाणीत शेवटची मोळी पडली, धुराडं थंड झालं की वाळवा, पलूस, कराडकडच्या हंगामी कामगाराचा दरवर्षी एक गैरसमज होतो. त्याला वाटतं, आपण बेकार झालो. थांबा, एवढी घाई करू नका. काम सुटलं की माणूस बेकार, असं असतं तर गावोगावच्या पारावर भत्ता वाटायला टेबल मांडावं लागलं असतं. बेकार म्हणवून घ्यायलाही पात्रता लागते, आणि तुमची बोंब तिथंच आहे.

म्हणून पहिला सल्ला: कामाला लागताना पगार विचारू नका, कारखान्याची जात विचारा. 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा कारखान्यांना लागू व्हायचा, ‘हंगामी कारखाने सोडून’. आता हंगामी म्हणजे कोणते? कायद्याने यादीच दिली होती. कापसाचं जिनिंग, कापूस किंवा तागाचे गठ्ठे दाबणं, भुईमुगाच्या शेंगा फोडणं, कॉफी, नीळ, लाख, रबर, चहा आणि साखर, गुळासकट. ‘गुळासकट’ हा शब्द वाचून माझा ऊर भरून आला. दिल्लीत बसून कायदा लिहिताना कुणाला तरी आपल्या गुऱ्हाळाची आठवण झाली. काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या चुकून विम्यात शिरू नये एवढी काळजी घेतली. निळीचा धंदा कधीच संपला, पण यादीत नीळ अजून आहे आणि तिच्या शेजारी तुम्ही आहात. त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या प्रकरणापुरता जुना रिवाज मोडलेला नाही. ‘हंगामी कारखाना सोडून’ हे शब्द तिथं जसेच्या तसे भेटतील.

याचा अर्थ तुमचा विम्याचा हप्ता कापला जात नाही, तेवढाच पगार हातात जास्त पडतो. मात्र त्या हप्त्याच्या मागोमाग येणारा दवाखानाही नाही आणि बेकारी भत्ताही नाही.

भत्ता आहे बरं का, नाही असं नाही. 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. विमा असलेल्या माणसाची नोकरी गेली तर सरासरी रोजाच्या पाव हिश्शाने, आणि 2020 च्या टाळेबंदीनंतर निम्म्याने, जास्तीत जास्त 90 दिवस पैसे. अटी अशा, की माणूस किमान दोन वर्षं विम्याच्या नोकरीत हवा, नोकरी सुटण्याआधीच्या सहा महिन्यांच्या कालखंडात निदान 78 दिवस वर्गणी भरलेली हवी आणि त्याआधीच्या तीन कालखंडांपैकी एकात पुन्हा 78 दिवस.

इथं जरा हिशेब करा, रिकामाच वेळ आहे. हे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे धरतात. तुमचा हंगाम बहुधा नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो, तेही पाळ्यांमध्ये, रात्रपाळीसकट. म्हणजे 78 दिवस चांगल्या हंगामात एका कालखंडात आरामात भरतात, आणि मागच्या साली भरले होतेच. अभ्यास पुरा झाला आहे, पेपरही सोपा आहे, फक्त तुम्हाला हॉल तिकीट द्यायचं नाही असं आधीच ठरलंय.

शिवाय हे 90 दिवस उभ्या आयुष्यात मिळून. तुम्ही दरसाल बेकार होता, तेही तारखेवारीनं, आधी सांगून. अशी सवय कुठल्या योजनेला परवडेल?

त्यामुळं ज्यांना खरोखर भत्ता हवा आहे त्यांनी मळी-चिपाडाचा नाद सोडून कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत बारमाही नोकरी धरावी आणि मग कारखाना बुडावा म्हणून औंधच्या यमाईला नवस बोलावा. 2005 च्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत तर तसं सरळच लिहिलं होतं: कारखाना बंद पडला पाहिजे, नाहीतर कामगारकपात झाली पाहिजे, नाहीतर कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीनं 40 टक्के कायमचं अपंगत्व आलं पाहिजे. तुमचा कारखाना दरसाल बंद होतो खरा, पण तो असा बंद नव्हे. आणि सहकारातला कारखाना खरंच बुडाला तरी त्याला बुडाला म्हणत नाहीत, ‘भाडेतत्त्वावर दिला’ म्हणतात.

काही हुशार मंडळी म्हणतील, मग ले-ऑफची, म्हणजे काम नाही म्हणून बसवून ठेवल्याची, भरपाई मागू. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती ना, निम्मा पगार? होती. पण त्याच प्रकरणाच्या दारात पाटी होती की हंगामी स्वरूपाच्या आस्थापनांनी आत येऊ नये. आणि आपली आस्थापना हंगामी आहे की नाही अशी शंका आलीच, तर सरकार सांगेल ते अंतिम. सल्ला एवढाच, की शंका येऊ देऊ नका.

कोर्टात जायचं म्हणाल तर तेही झालंय, आणि लांब कुठं नाही, आपल्याच कृष्णाकाठी. रेठऱ्याच्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1997 मध्ये निकाल लागला: गळीत हंगाम संपल्यावर काम थांबणं म्हणजे कामगारकपात नव्हे. पंजाबातल्या मोरिंडा कारखान्याच्या 1995 च्या निकालाचाच तो धागा. मात्र न्यायालयानं एक दिलासाही दिला. हंगामी कामगारांची नोंदवही ठेवावी, नवा हंगाम सुरू होताना आजूबाजूच्या गावांत जाहीर करावं आणि जे हजर होतील त्यांना ज्येष्ठतेप्रमाणं, गरजेप्रमाणं घ्यावं. यातला ‘गरजेप्रमाणं’ हा शब्द आमच्याकडं फार लवकर पाठ झाला. ज्येष्ठतेचा शब्द मात्र अजून पाठ करणं चालू आहे, विशेषतः संचालक मंडळाच्या निवडणुकीच्या साली, तेव्हा भाचे-पुतणे मामा-काकांपेक्षा ज्येष्ठ निघतात.

‘अहो, पण रिटेन्शन मिळतं की!’ कायम-हंगामी असलेल्याला मिळतं, मान्य. ऑफ सीझनला घरी बसून पगाराचा काही हिस्सा येतो. कुशल माणसाला जास्त, अकुशलाला कमी, म्हणजे ज्याची चूल आधी विझते त्याला थोडं. पण त्याला भत्ता समजू नका. तुम्ही बेकार आहात म्हणून ते पैसे देत नाहीत; साखर शिजवायच्या पॅनवरचा कसबी माणूस उन्हाळ्यात कर्नाटकातल्या कारखान्याला जाऊन चिकटू नये म्हणून देतात. तुम्हाला पळवून न्यावं असं कुणालाच वाटत नसेल, तर दोष तुमच्यातच आहे. आणि तुमचं नाव कारखान्याच्या मस्टरवर नसून कंत्राटदाराच्या वहीत असेल, तर हा परिच्छेद तुम्ही उगाच वाचला.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. बारमाही माणसाला वर्षाला 15 दिवसांचा पगार, हंगामीला हंगामाला 7 दिवसांचा. एवढं लक्षात ठेवा आणि पुढं चला.

ऊसतोड करणाऱ्यांची मात्र मला कधी कधी असूया वाटते. बीडकडचा असो की आपल्याच जत-आटपाडीचा, त्याला पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल मिळते. जगात बेकारी भत्ता आगाऊ मिळणारा हा एकमेव कामगार असावा. फक्त तो त्याला फेडायचा असतो, कोयत्यानं, नवरा-बायको मिळून, आणि हिशेब नाही मिटला तर पुढच्या हंगामातही. त्याला विम्याच्या यादीत शोधू नका. तो कारखान्याचा कामगार आहे का, या प्रश्नाला कारखाना मुकादमाकडं बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडं.

बरं, संविधानात बेकारीचा उल्लेख आहे. कलम 41: बेकारी, वार्धक्य, आजार यांत राज्यानं साहाय्य करावं, ‘आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. मर्यादा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको, किराणा दुकानदारानं सांगितलीच असेल. आणि हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे न्यायालयात जाऊन मागता येत नाही, फक्त 26 जानेवारीला भाषणात ऐकता येतं.

आता उरली शेवटची वाट, आणि ती आपल्याच मातीतून निघालेली आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना इथं राबवून पाहिली, 1977 मध्ये तिचा राज्याचा कायदा झाला, मग 2005 मध्ये देशाचा. या 2005 च्या कायद्यानं साफ शब्दांत लिहिलं: काम मागितल्यापासून 15 दिवसांत मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता. पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढं किमान निम्मा. इथं हंगामी, बारमाही, नीळ, गूळ असा काही भेद नव्हता. ग्रामीण भागात राहणारा आणि अंगमेहनतीला तयार असलेला सज्ञान माणूस चालायचा. मला वाचून भीतीच वाटली, की आता सगळेच पात्र ठरणार.

पण घाबरू नका. मजुरीचे पैसे केंद्राकडून यायचे, तर हा भत्ता राज्यानं स्वतःच्या खिशातून द्यायचा, अशी वाटणी त्याच कायद्यात होती. त्यामुळं 15 दिवस उलटू न देण्याची काळजी खालपर्यंत झिरपली. ती कशी घेतात ते बघायचं असेल तर एप्रिलात ग्रामपंचायतीत जा, नमुना 4 मध्ये कामाची मागणी लिहा आणि ग्रामरोजगारसेवकाकडं नमुना 5 ची तारखेची पोच मागा. नम्रपणे मागा, कारण तो स्वतः मानधनावर आहे आणि तेही वेळेवर येत नाही. तो तुम्हाला खुर्ची देईल, चहा सांगेल आणि म्हणेल, “दादा, अर्ज ठेवून जावा. तारीख आत्ता नको टाकायला. काम सुरू झालं की त्या दिवशीची टाकू.”