‘शून्य अपघात, सगळ्यांना बक्षीस’ या सल्ल्यात चुकतं कुठे?

‘महिनाभर एकही अपघात झाला नाही की अख्ख्या विभागाला बक्षीस द्या. माणसं आपोआप जपून वागतात.’ कामावरच्या सुरक्षिततेबद्दलचा हा सल्ला सतत फिरत असतो. कौतुकाने चांगल्या सवयी रुजतात हे खरंच आहे. पण इथे कौतुक भलत्याच गोष्टीचं होतं, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

‘बक्षीस लावलं की अपघात घटतात.’
घटतात त्या नोंदी. समजा, महिन्याच्या २७ तारखेला फिटरचं बोट कन्व्हेयरच्या साखळीत चेमटलं. रजिस्टरमध्ये लिहिलं तर सगळ्यांचं बक्षीस जाणार. म्हणून तो बोटाला टेप गुंडाळतो आणि कामाला लागतो. गार्डचा, म्हणजे साखळीवरच्या संरक्षक झाकणाचा, बोल्ट ढिला झालाय हे कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या वेळी तिथे कुणाची तरी बाही अडकते. लपवालपवी ओळखायची एक सोपी खूण आहे: रजिस्टरमधल्या जखमा कमी झाल्या, पण प्रथमोपचार पेटीतल्या पट्ट्या पूर्वीच्याच वेगाने संपत असतील, तर जखमा होतच आहेत.

अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षिततेच्या सरकारी यंत्रणेने ऑक्टोबर २०१८ मध्ये अशा योजनांना सरसकट मनाई नसल्याचं स्पष्ट केलं, हे मान्य. पण त्यामुळे दुखापत कळवायला माणूस कचरता कामा नये, अशी अट त्याच खुलाशात आहे. धोके दाखवून देणाऱ्यांना बक्षीस देणं हा त्यावरचा एक उपायही त्यात सुचवलेला आहे.

‘फलकावर शून्य आहे, म्हणजे जागा सुरक्षित आहे.’
२० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहिरीच्या रिगवर वरिष्ठ अधिकारी आले होते. कामाचा दिवस बुडवणारी एकही दुखापत न होता सात वर्षं पार पडल्याचं कौतुक हाही त्या भेटीचा भाग होता. त्याच रात्री स्फोट झाला आणि ११ जण गेले. घसरून पडणं, बोट कापणं यांच्या आकड्यांवरून विहिरीतल्या दाबाचा अंदाज येत नाही.

‘रक्कम मोठी असली पाहिजे.’
रक्कम जितकी मोठी, तितका लपवण्याचा मोह मोठा. वागणं बदलतं ते वेळेवर आणि नेमकेपणाने केलेल्या कौतुकाने. ‘शाबास, असंच चालू ठेवा’ यातून काय चालू ठेवायचं तेच कळत नाही. सुपरवायझरने त्याच शिफ्टमध्ये म्हणावं: ‘पॅनेलला स्वतःचं कुलूप लावलंत, चावी खिशात ठेवलीत आणि स्टार्ट बटण दाबून मशीन खरंच बंद आहे याची खात्री केलीत. मगच हात आत घातलात, हे फार चांगलं केलंत.’ वाक्यं साधीच आहेत, पण ऐकणाऱ्याला कृतीचा प्रत्येक टप्पा कळतो.

धोका कळवणाऱ्यासाठी तर सर्वांत मोठी पावती म्हणजे दुरुस्ती. तक्रार मिळाल्याचं त्याच दिवशी सांगा, काम कोण आणि कधीपर्यंत करणार ते सांगा, आणि झालं की त्याला बोलावून दाखवा. पुढच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (काम सुरू होण्याआधीच्या सुरक्षिततेच्या छोट्या बैठकीत) त्याचं नाव घ्यायचं असेल तर आधी त्याला विचारा. सगळ्यांनाच चारचौघांत नाव घेतलेलं आवडत नाही. ढिला गार्ड ढिलाच ठेवून प्रमाणपत्र दिलं, तर तो माणूस पुन्हा काही कळवणार नाही.

‘दर महिन्याला एक सेफ्टी स्टार निवडा.’
मग पाळी लावल्यासारखी नावं फिरतात, किंवा साहेबांच्या नजरेसमोर असणाऱ्यालाच मान मिळतो. रात्रपाळी आणि कंत्राटी कामगार राहूनच जातात. निकष आधी लिहून लावा आणि ते पाळणाऱ्या प्रत्येकाची दखल घ्या.

‘प्रत्येकाने महिन्याला ठरावीक निअर मिस (थोडक्यात टळलेले अपघात) कळवायलाच हवेत.’
कोटा लावला की महिनाअखेरीस ‘जमिनीवर पाणी होतं’ छापाच्या चिठ्ठ्यांचा ढीग पडतो. संख्या मोजू नका. कळवलेल्यांपैकी किती धोके खरोखर दूर झाले ते मोजा.

या सल्ल्यात उत्पादन इन्सेंटिव्हचा, म्हणजे जास्त उत्पादनासाठी मिळणाऱ्या जादा पैशांचा, उल्लेखच नसतो, आणि खरा पेच तिथेच आहे. उंचावर काम करताना हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा पट्टा) अडकवायला पक्का आधार नाही म्हणून कुणी काम थांबवलं आणि त्या तासाभराचे पैसे कापले गेले, तर बक्षिसांचं काहीच चालत नाही. थांबवलेला वेळ इन्सेंटिव्हच्या हिशेबातून वगळायचा, हे योजना जाहीर करण्याआधी लेखी ठरवून घ्या. पगाराचा हिशेब करणाऱ्यालाही त्याची प्रत द्या.