खुलासा: चिया या क्रिप्टोकरन्सीच्या मायनिंग रिगमध्ये (मशीनमध्ये) डिस्कला वीज देणाऱ्या एका सॅटा कनेक्टरवर चार डिस्क जोडू नका

‘चिया मायनिंग हार्ड डिस्कवर चालतं, वीज नगण्य लागते, म्हणून स्प्लिटर लावून एका सॅटा कनेक्टरवर चार डिस्क जोडा,’ असा मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. स्प्लिटर म्हणजे एका कनेक्टरचे अनेक फाटे करणारी वायर. विजेचं बरोबर आहे, सल्ला मात्र धोक्याचा आहे.

3.5 इंची डिस्क फिरताना 5 ते 8 वॉट घेते, पण सुरू होताना 12 व्होल्टवर साधारण 2 अँपिअर ओढते. चार डिस्कचे झाले 8. सॅटा कनेक्टरची मर्यादा 4.5. लाइट जाऊन आली की सगळ्या डिस्क एकदम उठतात आणि स्प्लिटरचं प्लास्टिक वितळू शकतं. स्वस्त मोल्डेड (टोकं प्लास्टिकात ओतून बंद केलेले) स्प्लिटर तर घेऊच नका, ते पेटू शकतात. मोठा पॉवर सप्लाय घेतला तरी हा धोका टळत नाही, कारण अडचण वायरीच्या टोकाशी आहे. एका कनेक्टरला जास्तीत जास्त दोन डिस्क. बाकीच्या पॉवर सप्लायच्या मोलेक्स (चार पिनांच्या) कनेक्टरवरून, वेगवेगळ्या केबलींवर वाटून.

एसएसडी फक्त प्लॉट, म्हणजे मायनिंगसाठी डिस्कवर साठवायच्या मोठ्या फाइली, बनवायला लागते. के-32 आकाराचा, कॉम्प्रेस न केलेला तयार प्लॉट सुमारे 109 जीबीचा, म्हणजे 4 टीबीच्या डिस्कवर 36 बसतात.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. डिस्क एकीला एक चिकटवू नका, बोटभर फट ठेवा आणि समोर 120 मिमीचा पंखा लावा.