एक रात्र निघेल एवढे सामान

ट्रेकला निघताना बरोबर घ्यायच्या आपत्कालीन सामानाच्या याद्यांचा भर बहुधा जखमांवर असतो: पट्ट्या, मलमे, गोळ्या, कात्री. माझ्या मते पिशवी भरताना आधी वेगळाच प्रश्न विचारावा. पाय मुरगळला किंवा वाट चुकली आणि आहे त्याच जागी रात्र काढावी लागली, तर जवळच्या सामानावर ती निघेल का?

शरीराचे आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की हायपोथर्मिया होतो आणि त्यासाठी बर्फच पडायला हवा असे नाही; ओले कपडे आणि वारा पुरेसे होतात, कारण चालणे थांबताच अंगात तयार होणारी उष्णताही घटते. म्हणून प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेला, सुती नसलेला एक कोरडा थर मी सर्वांत वर ठेवतो. चंदेरी फॉइलची चादर हलकी असते खरी, पण वाऱ्यात ती फडफडते, कडेला बारीकशी चीर पडली की सरळ फाटत जाते आणि ती धरून ठेवण्यात हात अडकतात. तशीच, पण आत शिरता येईल अशी पिशवी मिळत असेल तर तीच घ्यावी. अंगाखाली फोमचा तुकडा हवा, निदान रिकामी केलेली सॅक तरी, कारण थंड जमीन खालून ऊब ओढून घेत राहते.

हेडटॉर्च आणि जादा बॅटऱ्या हव्यातच. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नये. त्याचे चार्जिंग मदत मागण्यासाठी राखावे. शिट्टी सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला बांधलेली असावी. आल्प्समधील रूढ संकेतानुसार मिनिटभरात सहा वेळा शिट्टी वाजवून एक मिनिट थांबतात आणि पुन्हा तेच करतात. मिनिटाला तीन शिट्ट्या हे त्याचे उत्तर. ओरडून घसा बसतो, शिट्टी मात्र श्वास आहे तोवर वाजते.

औषधांत क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉझ, चिकटपट्टी, ओआरएस आणि स्वतःची नेहमीची औषधे एवढ्यावर माझे समाधान होते. दंशाच्या जागी चीर देऊन विष शोषण्याची साधने असलेले सर्पदंशाचे किट (ते अजूनही विकले जाते, याचे नवल वाटते) घेऊच नये. त्याने उपाय होत नाही, इजा मात्र वाढते.

गटात मिळून एकच किट ठेवण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही, कारण ते ज्याच्या पाठीवर असते तो पुढे निघून गेला की मागे राहिलेल्याच्या हाती काहीच उरत नाही. प्रथमोपचाराचे सामान सामाईक असले तरी चालेल; ऊब, उजेड आणि शिट्टी मात्र प्रत्येकाची स्वतःची हवी, आणि शिखराजवळ सॅक खाली ठेवून थोडे वर जाऊन यायचे असले तरी ही तिन्ही अंगावरच हवीत.