अर्ध्या इंचाची खदखद

"नळ बदलायला प्लंबर कशाला, मीच करतो," हे मी दर उन्हाळ्यात बोलतो आणि दर उन्हाळ्यात पस्तावतो. जळगावचा मे, पारा 44 वर, टाकीचं पाणी हाताला चटके देतंय. जुना नळ निघतो तोही अर्धाच. आटे राहतात भिंतीत! मग दुकानाच्या चकरा. आधी गळती रोखायची टेफ्लॉन टेप विसरलो, मग निपल (जोडणीचा आटेवाला छोटा पाइप) अर्ध्याऐवजी पाऊण इंची आणला, मग पान्हाच लहान. (पान्हा शेजाऱ्याचा. तो परत मागतोय.) टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची असते, हे थेंब गळायला लागल्यावर आठवतं. त्यात ओट्यावरून आबा विचारतात, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" काय सांगू, कपाळ! बायको काहीच बोलत नाही. नुसती बादली आणून ठेवते.