‘वह्या भरणारे’ विद्यार्थी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

फार्म-डी या औषधशास्त्राच्या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमातल्या इंटर्नशिपवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जी प्रतिक्रिया दिलीत, तिचं उत्तर तिथल्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही मेडिसिनचे निवासी डॉक्टर आहात. तुमचं म्हणणं असं की मी एका रुग्णालयाच्या अनुभवावरून सगळ्या अभ्यासक्रमाचं कौतुक केलं, बऱ्याच कॉलेजांत क्लर्कशिप, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष शिक्षण, कागदावरच होते, काही बरंवाईट झालं तर कायद्याने डॉक्टरला जाब विचारतात, फार्मासिस्टला नाही, आणि फार्म-डी झालेल्यांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य आहे : “राउंडला मागे उभं राहून वह्या भरणाऱ्यांनी रुग्ण वाचवल्याच्या गोष्टी सांगू नयेत.”

मतभेदाला माझी हरकत नाही. पण हा सूर मला लागला, आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही. वॉर्डातल्या मावशींशीही कुणी या सुरात बोलू नये. शिवाय ‘रुग्ण वाचवला’ असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. पुन्हा वाचून पाहा. ते शब्द तुमचे आहेत, माझ्या तोंडी तुम्ही घातलेत आणि मग त्यावरून मलाच सुनावलंत.

एक गोष्ट मान्य करते. निवासी डॉक्टरांच्या सलग ड्यूट्यांबद्दल लेखात एक ओळ तरी यायला हवी होती. रात्रभर ॲडमिशन घेऊन सकाळी पुन्हा राउंडला उभे राहणारे रेसिडेंट मी रोज पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

आता वहीबद्दल.

त्या वहीत काय असतं हे तुम्ही कधी उघडून पाहिलं आहे का? पेशंट घरी कोणती औषधं घेत होता, किती दिवस, कुणी दिलेली, मधेच बंद केली का, सोबत कुठला काढा किंवा चूर्ण चालू आहे का, कोणत्या गोळीने अंगावर पित्त उठलं होतं. मग वजन, वय, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट काम करतात का हे दाखवणारी रक्ततपासणी). सत्तरीच्या, ४५ किलो वजनाच्या बाईचं क्रिएटिनिन १.१ आलं तर रिपोर्टवर बहुतेक वेळा खूणही येत नाही, सगळं ठीक दिसतं. पण कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रात आकडे घातले की तिच्या मूत्रपिंडाचं काम मिनिटाला ३४ मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे बरंच कमी, निघतं. तिला लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ७५० मिलिग्रॅम रोज चाललं असेल तर ते एक दिवसाआड करायला हवं. हे गणित पहिलीतल्या मुलालाही शिकवता येईल, पण चाळीस खाटांच्या वॉर्डात ते प्रत्येक पेशंटसाठी कुणीतरी बसून करावं लागतं. आमच्या वॉर्डात ते आम्ही वहीत करायचो.

एक केस सांगते. लेखात ती दोन ओळींत उरकली होती, आता नीट सांगते. पावसाळा संपत आलेला, वॉर्डात डेंग्यूचे पेशंट भरलेले. पन्नाशीच्या एक बाई तापाने आल्या. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही खाली. त्या दिवसांत कुणालाही आधी डेंग्यूच वाटेल, आणि तसं वाटण्यात काहीही गैर नव्हतं. केसपेपरवर घरच्या औषधांच्या जागी ‘सांधेदुखीच्या गोळ्या’ एवढंच लिहिलेलं होतं. त्यांचं तोंड आतून सोलवटलेलं होतं, पाणीही गिळवत नव्हतं. मी मुलाला म्हटलं, दादा, घरातली गोळ्यांची पिशवी जशी आहे तशी घेऊन या.

पिशवीत दोन स्ट्रिप होत्या, मेथोट्रेक्झेट आणि फॉलिक ॲसिड. दोन्ही गोळ्या लहान, पिवळ्या. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी कार्डावर अगदी बरोबर लिहून दिलं होतं, मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड रोज. पण लिहिलं होतं इंग्रजीत. बाईंनी उलटं केलं होतं. उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि मेडिकलच्या बिलावरची तारीख पाहिली, तेव्हा हिशेब लागला. आठवड्याची गोळी त्या रोज घेत होत्या. मेथोट्रेक्झेट असं रोज पोटात गेलं की पेशी खाली जातात आणि तोंड सोलवटतं.

मी हे वहीत लिहिलं आणि राउंडची वाट न पाहता रेसिडेंटना जाऊन दाखवलं. त्यांनी लगेच युनिटच्या सरांना फोन केला. मेथोट्रेक्झेट बंद झालं, त्याच संध्याकाळी त्यावरचा उतारा, फोलिनिक ॲसिड, सुरू झालं. उपचार डॉक्टरांनीच केले, निर्णय त्यांचाच होता, आणि पेशी वर येईपर्यंत त्या बाईंकडे रात्रंदिवस लक्षही त्यांनीच दिलं. मला एवढंच सांगायचं आहे की पिशवी मागवायला त्या दिवशी वॉर्डात ज्याच्याकडे वेळ होता, तो माणूस राउंडला मागे उभा राहणारा होता. पुढे आम्हाला वॉर्डात शिकवणाऱ्या प्रिसेप्टर मॅडमनी माझ्याकडून पीव्हीपीआयचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय योजनेचा, फॉर्म भरून घेतला. २०१० पासून देशात ही योजना चालू आहे, डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट कुणीही तो फॉर्म भरू शकतं, तरी तो फारच कमी वेळा भरला जातो. आणि तेव्हापासून आमच्याकडे मेथोट्रेक्झेट चालू असलेल्या पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर मराठीत वार लिहायला सुरुवात झाली : ‘फक्त सोमवारी’.

यातली कुठली गोष्ट मी सांगू नये?

मागे उभं राहण्याचं म्हणाल, तर मागे उभे राहतो कारण पुढे जागा नसते. सर, लेक्चरर, रेसिडेंट, इंटर्न, सिस्टर, मग आम्ही. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाची मुलंही आमच्याच शेजारी उभी असतात, त्यांच्याही हातात वही असते. त्यांना तुम्ही वह्या भरणारे म्हणता का? तुम्हीही कधीतरी त्याच जागी उभे होतात. आणि आम्ही तिथे कुणाच्या मेहेरबानीने येत नाही. २००८ च्या फार्म-डी नियमांत पाच वर्षं शिक्षण आणि सहावं वर्ष रुग्णालयात, त्यात सहा महिने मेडिसिन आणि आणखी तीन विभागांत दोन-दोन महिने, असं स्पष्ट आहे. रुग्णालय किमान ३०० खाटांचं हवं, हेही त्यातच आहे. राउंडला येणं हा आमचा अभ्यासक्रम आहे.

माझ्याबद्दल तुम्हाला काही माहिती नाही, म्हणून हेही सांगते. मी मेडिकलच्या काउंटरमागे वाढले. तालुक्याच्या गावी वडिलांचं दुकान. शाळेतून आलं की दप्तर तिथेच पडायचं. लोक रिकामी स्ट्रिप घेऊन यायचे आणि म्हणायचे, “असलीच द्या.” वडील गोळी देण्याआधी विचारायचे, कशासाठी घेता, कशी घेता. दम्याचे एक आजोबा महिनोन्महिने यायचे, औषध लागू पडत नाही म्हणायचे. एक दिवस वडिलांनी त्यांना समोर घेऊन दाखवायला सांगितलं. आजोबांनी ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली. यंत्र घरी डब्यात होतं, ते कसं वापरायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. वडिलांकडे डी.फार्मचं, म्हणजे औषधशास्त्राच्या पदविकेचं, प्रमाणपत्र होतं, वॉर्ड नव्हता, राउंड नव्हता. विचारायची सवय होती. मी फार्म-डीला गेले ती त्या दुकानामुळे. त्यामुळे माणसाला बसवून विचारणं आणि लिहून घेणं हे कमी प्रतीचं काम आहे, असं मला कुणी सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही. पेशंटच्या पिशवीतल्या गोळ्या स्वतः बाहेर काढून तुम्ही शेवटच्या कधी पाहिल्यात, हेही मला विचारावंसं वाटतं.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. क्लर्कशिप कागदावर उरकणारी कॉलेजं असतील. मी माझ्या रुग्णालयाबद्दल लिहिलं, तिथल्यांबद्दल तिथल्या मुलांनी लिहावं. कायदेशीर जबाबदारीचा विषय मोठा आहे, पण माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. ‘डॉ.’ मी लावत नाही, लेखावर माझं नाव जसं आहे तसंच आहे, त्यामुळे तो आक्षेप माझ्यावर कसा येतो ते कळलं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त माणसांना नावं ठेवण्याऐवजी एवढं सांगा : तुमच्या वॉर्डात पेशंटची घरची औषधं कोण विचारतं, ती कुठे लिहिली जातात, आणि ट्रीटमेंट शीटशी ती कोण ताडून पाहतं. तुमच्याकडे याची चांगली पद्धत असेल तर ती मला मनापासून वाचायची आहे, आणि आमच्या ज्युनिअर मुलांना पाठवायची आहे.