'दंगलखोराला दंडुक्याचीच भाषा कळते' हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी भिवंडी आठवा

गेले काही दिवस प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की दंगलखोराला फक्त दंडुक्याची भाषा कळते, शांतता समित्या म्हणजे पोलीस स्टेशनात चहापाणी, बोलून दंगल थांबली असं जगात कुठेच झालेलं नाही, आणि जे झालं ते विसरून पुढे जावं. लोक अंगठे दाखवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

"जगात कुठेच नाही." अहो, जगात कशाला जायचं, ठाणे जिल्ह्यातलं भिवंडी बघा ना. 1970 च्या मे मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे भीषण हिंदू-मुस्लिम दंगल झाली, तिच्या चौकशीसाठी न्या. मादन आयोग बसला. 1984 च्या मे मध्ये पुन्हा, आणि ती पार ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. म्हणजे कुठे काही खुट्ट झालं तर आधी पेटणार ते भिवंडी, असंच सगळे धरून चालायचे. आणि 6 डिसेंबर 1992 ला बाबरी पडली, मुंबई डिसेंबरात जळली, जानेवारीत परत जळली, तेव्हा शेजारचं भिवंडी शांत राहिलं. हे आपोआप झालेलं नाही, त्यामागे चार वर्षांची मेहनत होती.

"समित्या म्हणजे चहापाणी." हा आरोप जुन्या पद्धतीच्या शांतता समित्यांना लागू पडतो, मान्य. सण आला की त्याच त्या पुढाऱ्यांना बोलवायचं, फोटो काढायचा, संपलं. पण 1988 ला सुरेश खोपडे भिवंडीत डीसीपी (पोलीस उपायुक्त) म्हणून आले आणि त्यांनी ही पद्धतच उलटी केली, म्हणजे वस्तीवस्तीत मिळून सत्तरच्या आसपास मोहल्ला कमिट्या काढल्या, त्यात पुढारी आणि गुंड नकोत, दोन्ही समाजातली साधी माणसं हवीत, आणि सोबत त्या भागातला पोलीस. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की तिथे बसून कोणी धर्मावर चर्चा करत नव्हतं. नळाचं भांडण, गटाराचं भांडण, नवरा-बायकोचं, घरमालक-भाडेकरूचं, असल्या तक्रारी तिथे बसून मिटवायचे. आता यात काय मोठं असं वाटेल, पण दोन घरांतलं नळाचं भांडण दोन समाजांचं व्हायला भिवंडीत वेळ लागत नव्हता, एक घर या समाजाचं आणि एक त्या, की झालं. आणि दुसरं, महिनोन्‌महिने एकत्र बसलेल्या माणसांकडे एकमेकांची ओळख असते. रात्री अफवा आली की अमक्या गल्लीत हल्ला झाला, तर त्या गल्लीतल्या ओळखीच्या माणसाला विचारता येतं, पोलिसाला सोबत घेऊन जाऊन बघता येतं. ही ओळख ऐन दंगलीच्या रात्री तयार करता येत नाही हो, ती आधीच असावी लागते.

बरं, हे एका चांगल्या ऑफिसरमुळे झालं म्हणावं, तर डिसेंबर 92 ला खोपडेंची बदली झालेली होती, गुलाबराव पोळ डीसीपी होते. त्यांनी कमिट्या चालू ठेवल्या आणि त्या कामाला आल्या.

"फोर्स लावली की शांतता." जमाव अंगावर आलाय तेव्हा पोलिसच लागतात, त्यात वादच नाही. पण फोर्सने दंगल संपते म्हणता, तर मुंबईत फोर्स कमी होती का? त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात दोन्ही टप्पे मिळून 900 मृत्यू आहेत आणि त्यातले 356 पोलिसांच्या गोळीबारातले. डिसेंबरात गोळ्या चालल्या, तरी जानेवारी झालाच. गोळीने तो जमाव पांगतो, पण वस्तीतली भीती आणि राग तसाच राहतो, आणि त्यावर पुढची अफवा चालते. पुढे 1994 च्या सुमारास मुंबईतही तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिटीचं काम उभं केलं, म्हणजे पोलीस खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसांनाही दंडुका पुरेसा वाटला नव्हता.

यावर कोणी म्हणेल, "2006 ला भिवंडीत झालंच की." झालं. पोलीस स्टेशनच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, पोलिसांच्या गोळीबारात दोघं गेले आणि नंतर दोन पोलिसांना जमावाने मारलं. अत्यंत वाईट घटना. पण ती हिंदू-मुस्लिम दंगल नव्हती, आणि तोवर त्या कमिट्या थंडावल्या होत्या. ज्या जागेवरून वाद आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्या जागेबद्दल आधी वस्तीशी बसून बोलायला हवं होतं. त्यामुळे यातून बोलणं फुकट असतं हे सिद्ध होत नाही, ते बंद पडलं की काय होतं तेवढंच दिसतं.

आणि शेवटचं, "विसरून पुढे जा." इथे मात्र मोहल्ला कमिटीवाल्यांनाही मी सांगेन की नुसतं एकत्र बसून पुरत नाही. श्रीकृष्ण अहवाल 1998 ला आला, त्यात पोलिसांची आणि नेत्यांची नावं होती, पण मुंबईच्या दंगलीच्या अर्ध्याहून जास्त केसेस 'गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही' म्हणून बंद झाल्या. ज्याचा भाऊ गेला आणि केस फाईलमध्येच राहिली, त्याला कुठल्या तोंडाने विसर म्हणायचं?